मालक : हरेश साऊंड, मुरबाड

डबा उघडून भाकरीचा पहिला तुकडा मोडला तेवढ्यात फोन थरथरला. जेवताना फोन बघू नये हे मला कळतं, पण लॅबमध्ये दुपारी बघण्यासारखं दुसरं असतं तरी काय? समोर भिंत, भिंतीवर मधुमेहाचा तक्ता. म्हणून बघितला. ज्या साइटवर मी माझे व्हिडिओ टाकते तिथून मेल होता. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. खाली गाण्याचं नाव, 'पान्याखाली मांडव, हळदी स्पेशल'. त्याच्याखाली, मालक : हरेश साऊंड, मुरबाड. मी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या व्हिडिओत आवाज माझ्या आईचा होता. एकटीचा, मागे ना ढोलकी ना बेंजो, मधेच एकदा तिचा खोकला. आणि मालक कोण, तर हरेश, माझा मामेभाऊ. लॅबमध्ये रक्त घेणारी मनस्वी शेजारी जेवत होती. माझं तोंड बघून ती म्हणाली, "काय गो, कोन गेलं का?" मी म्हटलं, "नाय गो, सगले हायेत." मग डबा संपवला. राग आला की मला भूक जास्त लागते, हे आईलाही माहीत आहे.

मी गेमचे व्हिडिओ बनवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या वयाकडे बघतात, मग गळ्याकडे, मंगळसूत्र आहे का ते. नाही. दिवसभर शहापुरात लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करायचे आणि घरी आल्यावर होडी वल्हवायची. गेम एवढाच आहे, एक बाई होडीतून जाते. सगळा मुलूख पाण्याखाली गेलेला. पाणी निवळ असलं की खाली कौलं दिसतात, विहिरीचा काठ दिसतो, एखादं देऊळ. कुणी कुणाला मारत नाही, गोळी सुटत नाही, म्हणून आमच्याकडची पोरं तो खेळत नाहीत. मी त्यातले तुकडे कापते, जोडते, माझ्या मनासारखी वाट आखते. असं करणारी माणसं जगभर आहेत, आम्ही एकमेकांचं बघतो. गेम काढणाऱ्या दोघांनी कुठल्याशा थंड देशातून तसं जाहीर लिहून ठेवलंय की आमची चित्रं खुशाल वापरा, संगीत मात्र आमचं नाही, ते करणाऱ्याला विचारा. मी विचारलं. इंग्रजी पत्र चारदा खोडून लिहिलं. त्या माणसाचं उत्तर आलं, तुमचा व्हिडिओ आवडला, पण माफ करा, मी कुणालाच देत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला तो माणूस फार आवडला. माझं आहे आणि देत नाही. एवढं सरळ वाक्य आमच्या घरात कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मग मी गेमचं संगीत बंद केलं आणि त्या होडीखाली आईचा धवला घातला.

आई धवलारीण आहे. हळद लागताना, मांडव घालताना, नवरी निघताना जे धवले म्हणायचे ते म्हणणारी. सकुबाई, म्हणजे आई, आल्याशिवाय हळदीचं तेल उतरत नाही अशी आमच्या बाजूच्या गावांमध्ये अजून समजूत आहे, डीजे आले तरी आहे. धवले जुनेच. तिच्या आईचे, आईच्या आईचे. पण एक जागा तिची स्वतःची. तिचं माहेर भातसाच्या धरणात गेलं. पांडूमामा बायकोपोरं घेऊन मुरबाडला सरकला आणि आई ज्या मांडवातून निघाली होती त्याच्यावर पाणी चढलं. तेव्हापासून ती मांडवाच्या धवल्यात दोन ओळी जास्त म्हणते. 'पान्याखाली गेला मांडव गो, नवरी कंच्या दारी उभी ऱ्हाव गो.' लग्नघरी त्या ओळींना म्हाताऱ्या बायका खाली बघतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शहापूरच्या खोलीत ती तांदूळ निवडत बसली होती, आपल्याच नादात म्हणत होती, तेव्हा मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि आवाज घेतला. होडी वरून जाते, खालून कौलं सरकतात आणि आईचा आवाज येतो. ते बघून परदेशातल्या कुणी कुणी लिहिलं की भाषा कळली नाही पण रडू आलं. मला माझ्या आयुष्यात कुणी एवढं मोठं काही म्हटलेलं नाही. आणि आता तिथे मालक म्हणून हरेश येऊन बसला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

हरेशला माझं काहीतरी घ्यायची सवय पहिल्यापासूनची. म्हणजे तो घ्यायचा नाही, आई द्यायची. मी आठवीत गेले तेव्हा शाळेतून मुलींना सायकली मिळाल्या. माझी निळी होती. वस्तीपासून शाळेपर्यंतचा चढ मी उतरून ढकलत न्यायचे, पण न्यायचे. मे महिन्यात मामा आला, सोबत हरेश. त्याने सायकलवरून अंगणात गोल फेऱ्या मारल्या आणि आईला विचारलं, "आते, कुनाची गो सायकल?" आई म्हणाली, "आपलीच हाय." मामा जाताना सायकल टेम्पोत चढवली. मी आईकडे बघत राहिले. ती म्हणाली, "तेला शाला लांब हाय गो. आपलाच हाय ना तो." दिवाळीला आम्ही मुरबाडला गेलो तर सायकल काळी रंगवलेली, हँडलला मोठा भोंगा बसवलेला. हरेश मला म्हणाला, "बस मागं, तुला फिरवून आनतो." माझ्या सायकलवर मला मागे बसवून! मी बसले नाही. दहावीपर्यंत तो चढ पायी चढले आणि रोज एकदा तरी त्याला शिव्या घातल्या, तोंडातल्या तोंडात, श्वास पुरेल एवढ्या.

तेव्हापासून मला त्या शब्दाचा राग आहे. आपलं. आपलं म्हणजे माझं, आपलं म्हणजे तुमचं, आपलं म्हणजे दोघांचं. बोलणारा एक बोलतो आणि घेणारा त्याच्या सोयीचा अर्थ उचलून चालता होतो. आईने या एका शब्दावर सगळं आयुष्य वाटून टाकलं. परसातले आंबे आपलेच, पितळेचा हंडा आपलाच, धाकट्या जावेने नेलेली पैठणी आपलीच. कुणी म्हणेल, किती मोठ्या मनाची बाई. मोठ्या मनाच्या बाईची मुलगी होऊन बघा एकदा. तिच्या मनात सगळं गाव मावतं आणि आपण उंबऱ्यावर उभे राहतो. लॅबमध्ये मी मुद्दाम लोकांना 'तुमचा रिपोर्ट' म्हणते, 'आपला रिपोर्ट' म्हणत नाही. डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले होते की जरा नम्र बोलत जा.

त्या दुपारी मी रिपोर्ट टाइप करता करता साइटचे सगळे नियम वाचून काढले. गाणं एकदा एखाद्या कंपनीमार्फत नोंदवलं की यंत्र जगभरच्या व्हिडिओंमधून तसा आवाज शोधत फिरतं आणि सापडला की दावा ठोकतं. माणूस त्यात नसतोच. यंत्राने आईचा आवाज ओळखला होता, हरेशच्या गाण्यातल्या ढोलकी आणि बेंजोच्या खालून ओळखला होता, याचं मला क्षणभर कौतुक वाटलं. पण मला हवं होतं ते पुढे सापडलं. खऱ्या मालकाने तक्रार केली तर गाणं उतरवतात. अशा तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की अख्खं चॅनल पुसून टाकतात. आणि हरेशवर दोन झालेल्या होत्या. हे मला कुणी चोरून सांगितलं नव्हतं. भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसून, कपाळाला माझंच कुंकू लावून घेत, त्याने स्वतः हसत सांगितलं होतं, "दोन झाल्या गो ताय, आजून एक आली का आपला खेल खल्लास." त्याचं गाण्यांचं चॅनल बघूनच लोक त्याला हळदीला साऊंड लावायला बोलावतात. लग्नसराई तोंडावर आली होती. मला इतकं बरं वाटलं की मी मनस्वीला चहा पाजला.

रविवारी मुरबाडला गेले. कशाला गेले, भांडायला की नुसतं त्याचं तोंड बघायला, ते मला एसटीत किन्हवलीपर्यंत ठरवता आलं नाही. सरळगावला गाडी थांबली तेव्हा मी मनातल्या मनात त्याचं चॅनल पुसलं, बॉक्स विकले, त्याला कुठल्यातरी गोदामात रात्रपाळीला लावलं, आणि तरी समाधान होईना म्हणून ती सायकल काढून भंगारात घातली. सुडाचं असं असतं, एकदा पान वाढलं की काही कमी वाटतच राहतं. स्टँडपासून जवळच त्याचं दुकान. काळे स्पीकर छपरापर्यंत रचलेले, दारात लिंबू-मिरची, आत हरेश बनियनवर बसून वायरला डाग देत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, समोरच्या टपरीवर ओरडून चहा सांगितला. जाड झाला होता. हसला की अजून अंगणातल्या फेऱ्या मारणारा दिसतो, तेच मला सहन होत नाही.

मी फोन पुढे धरला. त्याने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "आयला, तुज्यावर लागला व्हय? ताय, देवाशप्पथ मला म्हायत नाय. ते आपोआप व्हतं. मशीन हाय ते."

"मालक म्हणून नाव तुझं आहे," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना मी पुस्तकी बोलते, मुद्दाम.

"नाव टाकाया लागतं गो. नाव नाय टाकला तं घेतच नाय ती कंपनी. थांब, सोडतो. एक बटन हाय." त्याने हाताला लागलेली राळ पँटला पुसली, फोन काढला, दोनदा दाबलं. "झाला. बघ आता. तुजा व्हिडिओ फ्री. आनि पुढंपन किती वापरायचा तितका वापर, तुला आपली फुल परवानगी."

माझ्या फोनवर मेल आला. दावा मागे घेण्यात आला आहे. म्हणजे ज्यासाठी मी आले होते ते चहा यायच्या आत झालं होतं. उठून घरी जाता आलं असतं. पण परवानगी हा शब्द माझ्या कानात जाऊन बसला. माझ्या आईचा धवला माझ्या व्हिडिओत घालायची मला परवानगी, आणि ती देणार हरेश, आणि वर फुल. बस मागं, तुला फिरवून आनतो.

"तू आईला विचारलं होतंस?" मी म्हटलं. मला वाटलं इथे तो अडकेल. चोराला पकडताना आवाज कसा शांत ठेवावा तसा मी ठेवला होता.

"म्हंजे? आतेला इचारल्याबिगर घेईन का मी?" त्याला खरंच वाईट वाटलं. "कंपनीवाले पुरावा मागतात म्हनून आवाजपन भरून ठेवलाय. आयक." त्याने एका स्पीकरला फोन जोडला. दुकानभर आधी भांडी वाजली, कुणाच्या तरी लग्नघरची, मग त्याचा आवाज. आते, मांडवाचा धवला घेऊ का तुजा, गाना बनवतो. मग आईचा आवाज, त्या एवढ्या मोठ्या स्पीकरमधून, माझ्या छातीत घुमेल इतका. घे की रे. आपलंच हाय. आणि मग त्याने विचारलं होतं, रेश्माताय रागवंल का? आई हसली. तिचं ते पोकळ दातांतलं हसू. ती म्हणाली, ती कशाला रागवंल? तिनं तरी कुठं मला इचारलं? डब्याला मोबाइल लावला नि घेतला भरून. मी बगितला, गप ऱ्हायले. आपलंच हाय.

हरेशने बंद केलं. चहा आला होता. तो म्हणाला, "पी ना." मी पूर्ण प्यायले. कपाच्या तळाशी साखर राहिली होती, तीसुद्धा बोटाने पुसून खाल्ली. त्याला म्हटलं, येते. त्याने स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडतो म्हटलं. मी चालत गेले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि ते हसू ऐकत राहिले. आई त्याच्यापाशी हसली होती. माझ्या चोरीवर हसली होती. थंड देशातल्या अनोळखी माणसाला मी चारदा खोडून पत्र लिहिलं आणि हाताच्या अंतरावर तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही, हे खरं आहे. आणि हरेशने विचारलं, हेही खरं आहे. ज्याला मी चोर म्हणत होते त्याच्याकडे पावती होती. कुणी चांगली बाई असती तर इथे तिचा राग उतरला असता. माझा चढला. इतका चढला की किन्हवली कधी गेली कळलं नाही. चूक त्याची असती तर मी त्याला कदाचित सोडला असता. पण तो बरोबर होता, पुन्हा एकदा, आईला घेऊन बरोबर होता, आणि मी पुन्हा चढावर पायी. डोंगराच्या कडेने ऊन उतरत होतं, भाताची खाचरं कापून झाली होती. मी शहापूर यायच्या आधी, त्या एसटीतच, फोनवर तक्रार भरायला घेतली.

सोपं होतं. कुठलं गाणं, कुठे आहे, मूळ तुमच्याकडे आहे का. होतं, खोकल्यासकट होतं, त्याच्या रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधीचं. मग एका जागी अडले. या गाण्याचे मालक कोण? तिथे तीनच पर्याय होते. मी. माझी कंपनी. माझा ग्राहक. आई नव्हती. गाव नव्हतं. पाण्याखाली गेलेलं आणि वर राहिलेलं कुणीच नव्हतं. आपलं म्हणायची तर सोयच नव्हती. त्या थंड देशातल्या माणसासारखा तो प्रश्न सरळ होता, आणि मला आजवर असा सरळ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी 'मी' वर बोट ठेवलं. खाली शपथेवर पूर्ण नाव लिहायचं होतं, ते लिहिलं. पाठवलं. खोलीवर आले तर आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण करून ठेवलं होतं. तिने विचारलं, "हरेश कसा हाय गो?" मी म्हटलं, "बरा हाय." दोन भाकऱ्या खाल्ल्या.

चॅनल त्याच आठवड्यात गेलं. मी रोज बघत होते, एका सकाळी नाव टाकलं तर काही उघडेना. लॅबमध्ये मी त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की आतून काहीतरी मोकळं होईल. थोडं झालंही. खोटं कशाला बोलू, छान वाटलं, अंग हलकं झालं, घरी जाताना मी गजरा घेतला. हरेशने उलट तक्रार केली नाही. ती पावती, तो आवाज, यंत्राला ऐकवला असता तर मलाच जड गेलं असतं. तो भांडला असता तर मला आवडलं असतं. त्याचा एकच मेसेज आला, ताय तू केलंस का. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पांडूमामाचा आईला फोन आला. आई भिंतीला टेकून बराच वेळ ऐकत होती. ती मधे मधे म्हणत होती, बरं, बरं, नाय रे, तसं नाय. फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली. मी वाट बघितली की ती बोलेल, ओरडेल, रडेल, निदान हरेशची बाजू घेईल. मी उत्तरं तयार ठेवली होती, सायकलपासून. त्या दिवशी तिने तांदूळ निवडताना तोंडातून सूरही काढला नाही. मला वाटलं, थकली असेल. नंतरचे दिवसही ती तशीच गप्प निवडत होती. खडा ताटलीत पडल्याचा आवाज येई, तेवढाच.

मग खर्डीहून दोघी बायका आल्या, लांबच्या नात्यातल्या. एकीच्या पोरीचं लग्न निघालं होतं. आईला धवल्यासाठी बोलवायला त्या स्वतः आल्या होत्या, विडा-सुपारी घेऊन, जुन्या रीतीने. आईने सुपारी घेतली, चहा केला, पोरीची चौकशी केली. पण येते असं ती म्हणाली नाही. बायकांना वाटलं गुडघ्यामुळे. "रिक्षा लावू गो सकुबाय, तुला चालाया नाय लागनार," एक म्हणाली. आई नुसती हसली. त्या गेल्यावर तिने कपबशा विसळल्या आणि मी जिथे फोनवर होडी घेऊन बसले होते तिथे येऊन उभी राहिली. बसली नाही. हात ओले होते.

"रेश्मा," ती म्हणाली, "खर्डीच्या हलदीला मांडवाचा धवला म्हनाया लागंल. म्हनू का गो?"

मला वाटलं टोमणा आहे. मी वर बघितलं. आईला टोमणा मारता येत नाही, तिने तो कधी शिकूनच घेतला नाही. ती खरंच विचारत होती.

"पांडू बोलला, आता ते तुज्या नावाव हाय. लिवून दिलायस तू. मंग तुला इचाराया लागंल ना. बाया सुपारी ठेवून गेल्यात. तू नको बोललीस तं तशी परत पाठवीन, तेंना राग नाय येनार." ती थांबली. "त्या दोन वली नाय म्हनत पायजे तं. बाकीचा म्हनू?"

होडी मधेच थांबली होती, खाली कौलं हलत होती. या बाईने माझं काहीही कुणालाही देताना मला कधी विचारलं नव्हतं. सायकल नाही, आंबे नाहीत, काही नाही. आणि आज स्वतःच्या तोंडातलं गाणं माझ्याकडे मागत ती ओल्या हातांनी उभी होती, लहान होऊन, डॉक्टरसमोर उभे राहतात तशी. म्हण, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. वेडी का तू, तुझंच आहे ते, असं म्हणून तिला खाली बसवायचं होतं. पण ती विचारत होती आणि थांबली होती, आणि माझ्या उत्तराशिवाय तिला हलता येत नव्हतं, आणि ते मला इतकं गोड लागत होतं की मला ते एवढ्यात संपवायचं नव्हतं.

"बघू," मी म्हणाले.

"बरं," आई म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली.